एजंटसाठी लिहिलेली सूचना-फाइल चांगली आहे, हे कशावरून ठरवायचं?

लातूरच्या एका टीमनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही सहा जण शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कोडिंगला एआय एजंट, म्हणजे सांगितलं की स्वतः फाइली उघडून कोड लिहिणारं साधन, वापरतो. त्याच्यासाठी लिहिलेली एजंट्स.एमडी ही फाइल वाढत वाढत 400 ओळींवर गेली आहे. टीममधले निम्मे म्हणतात फाइल उत्तम आहे, निम्मे म्हणतात एजंट ती वाचतच नाही. आम्ही मुद्दे काढून 10 पैकी गुण दिले, दुसऱ्या एआयकडूनही तपासून घेतली. त्यानं 9 दिले. तरी चुका त्याच होतात. फाइलचा दर्जा मोजायचा कसा?”

आधी थेट उत्तर देते. सूचना-फाइल नुसती वाचून तिला गुण देता येत नाहीत. तेच काम फाइल असताना एजंट कसं करतो आणि फाइल काढून घेतल्यावर कसं करतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. जो फरक दिसेल तेवढाच फाइलचा दर्जा. ज्या ओळीनं एजंटच्या वागण्यात काहीच बदल होत नाही ती ओळ कितीही सुरेख असली तरी तिचं मोल शून्य. शून्याच्याही खाली म्हणा हवं तर, कारण ती प्रत्येक वेळी जागा खाते.

माझ्या हे डोक्यात बसलं ते परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. एका शेतकरी कंपनीच्या सभासदांची जुनी माहिती आम्ही नव्या प्रणालीत आणत होतो. जुन्या तक्त्यात क्षेत्राचे दोन रकाने होते, हेक्टर आणि आर. माहिती ओढून घेणारा कोड एजंटनं लिहिला. टेस्ट, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, सगळ्या हिरव्या (पास), कोड वाचायला स्वच्छ, रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीत, कुणाला काही खटकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी सातबारा घेऊन कार्यालयात आले. उताऱ्यावर क्षेत्र 1 हेक्टर 5 आर, पडद्यावर 1.50. त्यांनी उतारा पडद्याला लावून धरला आणि विचारलं, “माझं रान कवा वाढलं म्हणायचं?”

एजंटनं दोन आकडे मधे टिंब देऊन जोडले होते. 1 आणि 5 चे झाले 1.5. हेक्टरला 100 आर, त्यामुळे 5 आर लिहायचे तर 1.05 असं लिहावं लागतं. 1.5 म्हणजे 1 हेक्टर 50 आर. फरक 45 आरांचा, म्हणजे एकराहून जास्त. आणि ज्याच्या नोंदीत आर 1 ते 9 मधले, त्या प्रत्येकाच्या जमिनीला हेच झालेलं.

तेव्हा आमची सूचना-फाइल 300 ओळींची होती. “स्वच्छ कोड लिहा”, “चलांना अर्थपूर्ण नावं द्या”, वरून फोल्डरांचा अख्खा नकाशा. क्षेत्र कसं लिहितात हे मात्र तिच्यात कुठंच नव्हतं. आमच्यापैकी प्रत्येक जण उतारे बघत लहानाचा मोठा झालेला. हे कुणाला सांगावं लागेल असं मनातच आलं नाही. एजंट मात्र सातबारा न पाहिलेला. त्याला जगातली प्रोग्रॅमिंगची पुस्तकं पाठ आहेत, पण जमीन मोजायची आपली रीत त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळायची नाही. फाइलचा सगळा जीव ह्या जागेत आहे: कोडमध्ये नसलेलं, एजंटला एरवी न कळणारं आणि कळलं नाही तर चूक होणारं जे काही आहे, ते.

आता तुमच्या टीमच्या भांडणाकडे वळते, कारण दोन्ही बाजू खऱ्या असण्याची बरीच शक्यता आहे. सहा जण एकच साधन वापरता का? एजंट्स.एमडी हे अनेक साधनांनी उचललेलं नाव आहे. ओपनएआयचं कोडेक्स ती वाचतं. क्लॉड कोड मात्र क्लॉड.एमडी नावाची फाइल शोधतं. त्याला एजंट्स.एमडी वाचायला लावायची तर क्लॉड.एमडीत ती आयात करणारी एक ओळ टाकावी लागते, नाहीतर दोन्ही नावं एकाच फाइलकडे जोडावी लागतात. जेमिनी सीएलआय आपलं जेमिनी.एमडी बघतं, कोपायलटसाठी गिटहब फोल्डरात वेगळी फाइल असते. तुमच्यातले तिघं एक साधन वापरत असतील आणि तिघं दुसरं, तर निम्म्यांची तक्रार अक्षरशः खरी आहे. म्हणून दर्जाच्या गप्पांआधी प्रत्येकाच्या मशिनवर फाइल चढते की नाही, म्हणजे साधन ती वाचायला घेतं की नाही, ते पाहा. क्लॉड कोडमध्ये मेमरी ही आज्ञा दिली की कोणत्या फाइली चढल्या त्यांची यादी दिसते. जिथं अशी सोय नसेल तिथं फाइलमध्ये तात्पुरती एक खूण घाला, समजा “उत्तराच्या सुरुवातीला ‘राम राम’ म्हण”, आणि नवं सत्र उघडा. म्हणाला तर चढली. नंतर ती ओळ आठवणीनं काढा.

एजंटला “तू फाइल वाचलीस का, नियम समजले का” असं विचारून मात्र काही हाती लागत नाही. तो हो म्हणतो, नियम सुंदर शब्दांत परतही सांगतो, आणि पाच मिनिटांनी तोच नियम मोडतो. तो काय म्हणाला ते सोडा. त्यानं कोणत्या आज्ञा चालवल्या, कोणत्या फाइलींना हात लावला, तो लॉग उघडून बघायची सवय लावा.

फाइल चढते हे पक्कं झालं की मगच एकदा वाचून तिची झाडाझडती घ्या. ह्या वाचनानं गुण मिळत नाहीत, कचरा निघतो, एवढंच त्याचं काम. 400 ओळींना तासभर पुरे. प्रत्येक ओळीपाशी दोन प्रश्न विचारा: हे एजंटला कोड उघडून स्वतः कळलं असतं का? आणि हे कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही प्रकल्पाला लागू पडलं असतं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर “हो” आलं तर ओळीवर काट मारा. फोल्डरांचा नकाशा जातो, कारण एजंट स्वतः फोल्डर उघडून बघतो. “सुरक्षिततेची काळजी घ्या” जातं. बरीचशी साधनं एका आज्ञेत अशी फाइल आपोआप तयार करून देतात, त्या आयत्या फाइलीत बहुतेक भरणा ह्याच मालाचा असतो. सुरुवात म्हणून ठीक, पण तशीच ठेवली तर जे एजंटलाच दिसत होतं तेच एजंटला पुन्हा सांगितल्यासारखं होतं.

ह्याच वाचनात शिळ्या ओळी सापडतात, आणि शिळी ओळ ही नसलेल्या ओळीपेक्षा वाईट. एक उदाहरण सांगते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. आम्ही तेव्हा कर्सर हे एआय कोडिंगचं साधन वापरत होतो आणि त्याच्या नियमांच्या फाइलीत ही 12 टक्क्यांची ओळ ठळक लिहून ठेवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं त्या खरीप हंगामापुरती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली. सहकाऱ्यानं सेटिंगमध्ये 15 केलं. दुसऱ्या दिवशी एजंटला पावतीच्या छपाईचं, म्हणजे संपूर्ण वेगळं काम दिलं होतं. त्यानं वाटेत ती सेटिंग पाहिली, नियमाशी विसंगत वाटली आणि परत 12 करून टाकली. वर कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात “नियमानुसार दुरुस्ती” असं लिहिलं. त्याच्या बाजूनं तो अगदी बरोबर होता, आम्हीच त्याला तसं सांगितलं होतं. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना 13 टक्क्यांचा माल परत गेला असता तर त्या माणसाला काय सांगायचं होतं? रिव्ह्यूत दिसलं म्हणून वाचलो.

तेव्हापासून बदलणारा आकडा आम्ही सूचना-फाइलीत लिहीत नाही. आकडा कुठं राहतो ते लिहितो: “ओलाव्याची मर्यादा हंगामाच्या सेटिंगमधून घ्यायची, ती माणूस ठरवतो, तू बदलायची नाही.” फाइलीत आलेली प्रत्येक आज्ञा आणि प्रत्येक फाइलचा पत्ता खरोखर अस्तित्वात आहे का, हे तपासणारी छोटी स्क्रिप्टही लिहा. 30-40 ओळींचं काम आहे आणि ते प्रत्येक कमिटला आपोआप चालवता येतं. फाइलचं नाव बदललं, सूचना तशीच राहिली, आणि एजंट नसलेली फाइल शोधत बसला, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की कुठल्याही टीमकडे गेले की पहिलं तेच तपासते.

एवढं झालं की खरं मोजमाप. ह्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक नेमकं हेच टाळतात.

गेल्या तीन-चार महिन्यांत तुमच्या टीमनं केलेली, पूर्ण होऊन गेलेली कामं गिटमधून, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातून, काढा. 12 असली तर छान. त्यात सगळी सोपी नकोत आणि सगळी अवघडही नकोत. निदान 4 अशी हवीत की ज्यांत तुमच्या विषयाचं ज्ञान लागतं. क्षेत्राची बेरीज, गट नंबर, हिशोबपट्टी, पावसाची अट, असं काही. प्रत्येक कामासाठी रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचं फोल्डर, त्या कमिटच्या आधीच्या स्थितीला न्या. कामाचं वर्णन एक-दोन वाक्यांत, सहकाऱ्याला चहा पिता पिता सांगाल तसं लिहा. सूचना-फाइलीत जे लिहिलंय ते वर्णनात पुन्हा लिहू नका, नाहीतर फाइलची परीक्षाच होणार नाही. खऱ्या कमिटमधल्या टेस्ट बाजूला काढून ठेवा, एजंटला दिसू देऊ नका. त्याचं काम झाल्यावर त्या चालवायच्या.

एक जागा इथं हमखास चुकते. रेपो मागे नेला तरी गिटच्या पोटात पुढचे कमिट तसेच असतात. एजंट हुशार आहे, तो गिट लॉग उघडतो आणि उत्तर वाचून मोकळा होतो. एसडब्ल्यूई-बेंच हा कोडिंग एजंटांसाठीचा नावाजलेला चाचणीसंच, 12 पायथन प्रकल्पांमधल्या 2,294 खऱ्या तक्रारींवर उभा केलेला. त्याच्या पडताळलेल्या संचातही एजंट असे पुढचे कमिट पाहून दुरुस्ती शोधत असल्याचं 2025 मध्ये उघडकीला आलं. म्हणून इतिहास छाटून, फक्त त्या क्षणापर्यंतचा कोड असलेली नवी प्रत करा.

आता प्रत्येक काम फाइलसह 5 वेळा आणि फाइलशिवाय 5 वेळा करून घ्या. दर वेळी नवं सत्र, मॉडेल, म्हणजे एजंटमागचा एआय, तेच. 12 कामं, 5 वेळा, 2 प्रकारे: 120 फेऱ्या. एवढा खर्च झेपत नसेल तर 4 कामं, 3 वेळा, म्हणजे 24 फेऱ्यांपासून सुरुवात करा. रात्री लावून ठेवा, सकाळी बघा. एकदाच करून निष्कर्ष काढू नका. हे मॉडेल त्याच प्रश्नाला दर वेळी तंतोतंत तेच उत्तर देत नाही, आज जमलेलं काम उद्या चुकतं. 5 पैकी 3 वरून 4 वर गेलं म्हणजे फाइल सुधारली असं नव्हे, ती हलचल नुसत्या योगायोगानंही होते. 5 पैकी 0 वरून 5 वर गेलं, तर ती ओळ बोलली.

नोंद कशाची ठेवायची? टेस्ट पास झाल्या का, हे आलंच. ज्या फाइलींना हात लावायचा नव्हता त्यांना लावला का? किती टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते तुकडे, खर्च झाले? आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: हा बदल रिव्ह्यूला आला असता तर तुम्ही त्यावर किती शेरे मारले असते? हे मोजताना तपासणाऱ्याला कोणती फेरी फाइलसह आणि कोणती फाइलशिवाय ते कळू देऊ नका. आपण कष्टानं लिहिलेली फाइल आपल्याला लाडकी असते, नकळत हात सैल सुटतो. तुमच्याकडे सहा जण आहेत. ज्यानं फाइल लिहिली त्यानं तपासायचं नाही, एवढं तरी पाळता येईल.

निकालात तीन ढीग पडतात. काही कामं दोन्हीकडे सारखीच जमतात. त्यांनी फाइलबद्दल काहीच सांगितलं नाही, पुढच्या वेळी ती बदला. काही फाइलमुळे सुधारतात. कोणत्या ओळीमुळे ते लॉगमध्ये शोधा. आणि काही फाइल असताना बिघडतात. हा तिसरा ढीग सोन्याचा. आमच्याकडे “प्रत्येक बदलानंतर सगळ्या टेस्ट चालव” अशी ओळ होती. पडद्यावरचा एक शब्द बदलायच्या कामातही एजंट अख्खा संच चालवायचा, त्यात आधीपासून पडणारी एखादी असंबंधित टेस्ट दिसायची, ती दुरुस्त करायला निघायचा आणि चार नको त्या फाइली बदलून यायचा. मूळ काम झालेलं, पण त्यावर एवढा पसारा की रिव्ह्यू करणारा वैतागून जाई. ओळ बदलून “ज्या भागात बदल केला त्याच भागाच्या टेस्ट चालव; बाकी पडल्या तर फक्त कळव, हात लावू नकोस” अशी केली. पसारा थांबला.

400 ओळींतली एकेक ओळ काढून पाहणं शक्य नाही. विभागांनी काढा: आधी नावांचे संकेत हा सगळा भाग, मग टेस्टचा भाग, मग विषयाचं ज्ञान. जो भाग काढूनही निकाल हलत नाही, तो गेला. जिथं हलतो तिथं आत शिरून ओळींपर्यंत जा.

ओळ राहिली तरी तिची शब्दयोजना तपासावीच लागते. क्षेत्राच्या त्या चुकीनंतर आमच्या टीमनं घाईत पहिली ओळ लिहिली: “क्षेत्र काळजीपूर्वक हाताळ.” पुन्हा तेच काम दिलं, पुन्हा 1.5. दुसरी ओळ: “क्षेत्र दशांशात जोडू नकोस.” आता त्यानं दशांश सोडला आणि “1-5” असा मजकूर साठवायला लागला, बेरीजच होईना. काय करू नको ते सांगितलं होतं, काय कर ते सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा लिहिलं: “क्षेत्र नेहमी एकूण आरांत, पूर्णांकात साठव: हेक्टर गुणिले 100 अधिक आर. त्यासाठी क्षेत्र मॉड्यूलमधलं ‘एकूण आर’ हे फंक्शन वापर. कारण: सातबाऱ्यावर 1.05.00 असं हेक्टर, आर, चौरस मीटर लिहिलेलं असतं, ती एक दशांश संख्या नाही.” ह्या ओळीनं प्रत्येक फेरीत काम बरोबर केलं. त्याहून समाधान वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. पुढं पोटखराबा क्षेत्राचं काम दिलं तेव्हा फाइलीत त्याचा उल्लेख नसतानाही त्यानं तीच रीत वापरली. कारण लिहिलं की एजंट नियम शेजारच्या प्रसंगालाही लावतो. कारणाशिवायचा नियम जिथल्या तिथं राहतो.

दुसऱ्या एआयनं 9 गुण दिले, त्याबद्दल. परीक्षक म्हणून वापरलेली मॉडेलं लांब उत्तराला झुकतं माप देतात, आधी दाखवलेल्याला देतात आणि स्वतःच्या धाटणीच्या लेखनालाही देतात, हे 2023 पासूनच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. तुमची 400 ओळींची, मथळे-उपमथळ्यांची फाइल त्याला आवडणारच. क्षेत्राची ओळ तिच्यात नाही हे त्याला कळायला तुमचा सातबारा त्यानं कुठं पाहिलाय? त्याला वापरायचंच असेल तर अगदी अरुंद, हो-नाही उत्तराचे प्रश्न द्या: ह्या दोन ओळी एकमेकींच्या विरोधात जातात का? ह्या ओळीत नेमकी कृती सांगितली आहे का? परस्परविरोध शोधण्यात तो खरंच कामाला येतो, विशेषतः मुळातल्या फाइलीत एक आणि आतल्या फोल्डरच्या फाइलीत दुसरंच लिहिलेलं असतं तेव्हा. एकूण गुण मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

लांबीबद्दल नेहमी विचारलं जातं, किती ओळी बऱ्या? आकडा महत्त्वाचा नाही, तरी 400 मला जास्त वाटतात. फाइल प्रत्येक सत्रात पूर्ण चढते, आणि जितक्या सूचना जास्त तितकं प्रत्येकीकडे लक्ष कमी. लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलांकडून सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा जास्त निसटते, हेही 2023 च्या एका संशोधनात दाखवलं गेलं. म्हणून चुकलं तर शेतकऱ्याच्या पैशाला किंवा जमिनीला धक्का लागेल अशा ओळी सगळ्यांत वर. एकाच भागापुरत्या सूचना त्या भागाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. बरीच साधनं तिथं काम निघालं की तेव्हाच ती वाचतात.

काही ओळी फाइलीतून कायमच्या बाहेर जायला हव्यात. “मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) जुन्या फाइली बदलू नकोस” ही आमची सगळ्यांत जास्त वेळा मोडलेली ओळ. सूचना-फाइल म्हणजे विनंती आहे, कुलूप नव्हे. एजंट ती बहुतेक वेळा पाळतो, आणि बहुतेक वेळा एवढंच पुरत नाही अशा ठिकाणी कुलूपच लावावं लागतं. साधनाच्या परवानग्यांमध्ये त्या फोल्डरवर लिहायला मनाई करा, किंवा कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी, म्हणजे हुक, लावा. ओळींचं अंतर, आयातींचा क्रम, हे फॉरमॅटरला, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनाला, द्या. हे सगळं हलवलं की फाइल निम्मी होते, असा माझा अनुभव.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण आपल्या भागातल्या प्रत्येक टीमला तो पडतो, म्हणून लिहिते. देवनागरी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, तेवढी किंमत आहे. तरी विषयाचे शब्द मराठीतच ठेवा. आडत, हमाली, तोलाई ह्यांची इंग्रजी भाषांतरं केली की एजंट तिन्हींना “शुल्क” समजून एकाच रकान्यात कोंबतो. आमच्या फाइलीत छोटा शब्दकोश आहे: शब्द, एका वाक्यात अर्थ, आणि डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव. गट नंबर “112/2/अ” असा असतो, म्हणून तो मजकूर आहे, संख्या नव्हे. गावाचं नाव ओळख म्हणून चालत नाही, कारण पिंपळगाव आणि वडगाव जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. गावाचा कोड वापर. अतिवृष्टीची अट महसूल मंडळाच्या पावसावर लागते, जिल्ह्याच्या सरासरीवर नाही. ही शेवटची ओळ काढली की एजंट हवामान खात्याची 64.5 मिलिमीटरची “जोरदार पाऊस” ही व्याख्या उचलतो आणि जिल्ह्याची सरासरी काढतो, जेव्हा महसुली कामात 24 तासांत मंडळात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त हा निकष असतो. ओळ ठेवली की मंडळावर जातो. आकडा अर्थातच सेटिंगमधून. आणि एक बारीक गोष्ट: “कऱ्हाळे” ह्या आडनावातला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, एकसंध अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. हिंगोली-नांदेडकडची सभासद यादी असेल तर शोधण्याआधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण कर (त्यानं दोन्ही रूपं एकच होतात), ही ओळ लिहाच. कोड वाचून हे कुणालाच कळणार नाही.

मोजमापाची 12 कामंही जपून वापरा. त्याच 12 कामांवर फाइल घासत राहिलात तर ती त्या 12 कामांपुरतीच चांगली होईल. म्हणून 4 कामं कपाटात ठेवा, महिन्यातून एकदाच काढा. साधनाचं मॉडेल बदललं की सगळं पुन्हा चालवा. जुन्या मॉडेलला लागणाऱ्या कितीतरी ओळी नव्याला लागत नाहीत, आणि त्या तशाच पडून राहतात.

तुमच्यासाठी ह्या आठवड्याचा क्रम असा धरा. सोमवारी सहाही मशिनवर फाइल चढते का ते बघा. मंगळवारी काट मारा आणि पत्ते तपासणारी स्क्रिप्ट लावा. बुधवारी 4 कामं निवडा, त्यात क्षेत्राचं एक घ्याच, आणि रात्री 24 फेऱ्या लावा. गुरुवारी ज्यांनी फाइल लिहिली नाही त्यांनी निकाल तपासा. त्यानंतर फाइलीत नवी ओळ घालायची असेल तर घालणाऱ्यानं सोबत एक काम द्यायचं, जे त्या ओळीशिवाय चुकतं आणि ओळीसह जमतं. आमच्याकडे फाइलीतल्या प्रत्येक ओळीशेजारी त्या कामाचा क्रमांक लिहिलेला असतो. क्षेत्राच्या ओळीशेजारी 1 आहे.